माफीतला माझा हिस्सा

मी, जयवंता मोतीराम खवसे, वय सत्तावन, राहणार मोहगाव रोड, सौंसर, जिल्हा पांढुर्णा (माझं लग्न झालं तेव्हा जिल्हा छिंदवाडा होता, जिल्हा बदलला, मी तीच आहे), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण आणावं एवढी माझी इस्टेट नाही, आणि आणलं असतं तर मी ते चालू दिलं नसतं. तहसीलीतले अर्जनवीस म्हणाले, "बाई, हिंदीत लिहून देतो, एकदम कायदेशीर होईल." मी म्हटलं, मरणार मी मराठीत आहे, तर लिहीन पण मराठीतच.

येत्या सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं काही नाही. घाबरायचं नसतं तर चार चार कागदांवर सह्या कशाला घेतल्या?

खरं सांगायचं तर घरादाराचं दोन ओळींत झालं असतं. मी लिहायला बसले ते कलम पाच आणि सहासाठी. माझा मुलगा भूपेंद्र याचा डोळा गेला तेव्हा मला कळवलं होतं आणि तरी मी परदेशातून लगेच आले नाही, असं तो गेली नऊ वर्षं समजतो. मला कळलं नव्हतं. का कळलं नव्हतं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. ते सांगितल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी होणार नाही.

कलम १. मोहगाव रोडवरचं माझं दोन खोल्यांचं घर, ओटा, मागचं संत्र्याचं झाड आणि टिनाची शेड, ज्यात भूपेंद्र पोरांना बॉक्सिंग शिकवतो, हे सगळं भूपेंद्रचं. झाड तोडू नये. शेडमधली ओल काढावी. मी पावसाळाभर सांगून राहिले, कोण ऐकते!

कलम २. बँकेतली शिल्लक, दोन पाटल्या आणि गळ्यातली पोत माझी मुलगी प्रणाली हिची. मी शारजात असताना ही पोर दहावीत होती. शाळा करून भावाला भाकर करून घालायची. आईपण मी लांबून केलं, जवळून तिने केलं. त्याची भरपाई पाटल्यांनी होत नाही, मला कळतं. पण माझ्याजवळ तेच आहे.

कलम ३. स्वयंपाकाची मोठी पातेली, झारे आणि शारजाहून आणलेलं जाड लाटणं हेही प्रणालीचं. त्या लाटण्याची हकिगत लिहून ठेवते, म्हणजे ती ते भंगारात टाकणार नाही.

माझे यजमान मोतीराम वारले तेव्हा आम्ही सावरगावात होतो, पदरात दोन पोरं. नागपूरच्या एका एजंटाने मला शारजात घरकामाला पाठवलं. ते घर सुटलं आणि मी एका बॉक्सिंगच्या तालमीत स्वयंपाकाला लागले. तिथे झेलिमखान होता. आम्ही झेलिम म्हणायचो. चेचेन्यातल्या ग्रोझनी शहराचा. लहानपणी लढाईत तळघरात राहिलेला, बाप त्या लढाईतच गेलेला. पडक्या शाळेत वाळूच्या पोत्यावर ठोसे मारायला शिकला आणि पैशासाठी लढणारा बॉक्सर व्हायला शारजात आला. माझ्याशी बोलायला त्याच्याजवळ भाषाच नव्हती. एक दिवस मी आपली वरणफळं केली, तर हा भांड्यात वाकून पाहून राहिला आणि मग डोळे पुसायला लागला. त्याची आई कणकेचे असेच तुकडे मांसाच्या पाण्यात उकडायची, लसणाच्या पाण्यात बुडवून खायला द्यायची. गालनाश म्हणतात म्हणे. मी ते शिकले. त्यासाठीच त्याने ते जाड लाटणं आणून दिलं.

मी खोलीत गेले की तो उठून उभा राहायचा. त्यांच्यात मोठ्या माणसापुढे बसत नाहीत. मी म्हणायची, "बस रे बाप्पा, मी काही कलेक्टर नाई." तरी नाही बसायचा. मला नाना म्हणायचा. त्यांच्या बोलीत नाना म्हणजे आई. आमच्याकडे नाना म्हटलं की मिशावाला माणूस डोळ्यांपुढे येतो. मला हसू यायचं, आणि त्याला वाटायचं मी खूश आहे. खूश होतेच.

त्याची लढत मी कधी पाहिली नाही. लोक म्हणायचे, डाव्या हाताचा ठोसा असा की समोरचा चौथी फेरी पाहतच नाही. माझ्या लेखी त्याची कारकीर्द वेगळी होती. जबडा सुजला की पेज, ओठ फाटला की मीठ बंद, वजन उतरवायचं की भात बंद आणि त्याची चिडचिड सुरू. एकेक लढत जिंकत वर गेला आणि २०१६ साली त्याला किताबाची लढत मिळाली.

कलम ४. माझा भाऊ चिंधू कळंबे, राहणार पांढुर्णा, याला माझ्याकडून काही नाही. हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून लिहिलेलं आहे. वॉर्डात पडलेल्या पोराला "तुह्या मायले कळवलं आहे, येणं नसन होत तिले," असं याने सांगितलं. कळवलं कोणाला, फोन उचलला कोणी, हे विचारायची याला गरज वाटली नाही. चिंधू, तू पैसे उसने आणून त्याला नागपूरला नेलं, रात्रंदिवस बसला, हेही खरं आहे. म्हणून तुझ्यावर धड रागावता पण येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येते. बरं, माझी हिरवी लोखंडी पेटी घेऊन जा. तुझी तिच्यावर नजर आहे, मला मालूम आहे.

कलम ५. शेडच्या भिंतीवरचा किताबाचा पट्टा आणि लाल ग्लोव्हज भूपेंद्रचेच आहेत. झेलिमने ते त्याला दिले. पोरांना शिकवायच्या आधी भूपेंद्र रोज तो पट्टा पुसतो. तो कशाबद्दल आला, ते त्याने इथे वाचावं.

२०१६ च्या पोळ्याचा दुसरा दिवस, गोटमारीचा. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडाला झेंडा, आणि तो पळवण्यासाठी दोन्हीकडून गोटे. मी पांढुर्ण्याची लेक, सावरगावची सून. लग्नाच्या वर्षी माझा भाऊ एका काठावर होता, नवरा दुसऱ्या. शारजात मी झेलिमला सांगायची, "तुमी पैसे घेऊन फोडून घेता, आमच्याकडे फुकटात फोडतात." तो पोट धरून हसायचा. त्या दिवशी भूपेंद्र तेरा वर्षांचा होता. सावरगावच्या काठावर पाहायला उभा होता. गोटा माझ्या माहेरच्या बाजूने आला आणि डाव्या डोळ्याला लागला. मारणाऱ्याला अजूनही मालूम नसेल.

शारजात तो लढतीचा आठवडा होता. त्या आठवड्यात तालमीतल्या सगळ्यांचे फोन काढून झेलिमच्या खोलीतल्या कपाटात ठेवत, नियमच होता. माझ्या फोनवर चिंधूचा फोन वाजत राहिला. झेलिमने उचलला. माझ्याजवळ राहून त्याला स्वयंपाकघरापुरती हिंदी येत होती. लडका, आँख, अस्पताल, माँ को भेजो, एवढं कळायला ती पुरते. त्याला कळलं. तो "हाँ, हाँ" म्हणाला, फोन कपाटात ठेवला आणि मला काही बोलला नाही.

चार दिवस मी त्याला वाढलं. एकदा तर म्हटलंही, "काऊन रे, खाली मान घालून जेवून राहिला? घाबरला का?" तो उठून उभा राहिला आणि तसाच बाहेर गेला. मला वाटलं, वजनाची काळजी असेल.

लढत तो जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा घेऊन स्वयंपाकघरात आला आणि सांगितलं. म्हणाला, "नाना, तू गेली असती तर मी हरलो असतो." मी त्याच्या तोंडात मारली. जगभरच्यांचे ठोसे चुकवणारा माणूस, माझा हात येताना त्याला दिसला होता. त्याने तोंड हलवलं नाही.

त्याच दिवशी मी निघाले. भूपेंद्रचा डोळा गोटा लागला त्या दिवशीच गेला होता. मी उडत आले असते तरी तो वाचला नसता, असं डॉक्टरांनी मला साफ सांगितलं. पण पोरगं वॉर्डात आई आई करून राहिलं होतं, ते ऐकायला मी नव्हते. मी पोचले तर तोंड भिंतीकडे.

मग मी तेव्हाच का नाही सांगितलं? सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात प्रणालीच्या फोनवर झेलिमचा व्हिडिओ आला. पट्टा दाखवून म्हणाला, "ये तेरा है, छोटा भाई." आणि माझं पोरगं हसलं. डोळ्याला पट्टी आणि खाली हसणं. त्या हसण्यावर माझ्याने पाणी ओतवलं नाही. म्हटलं, बरा होऊ दे, मग सांगू. बरा झाला तर बॉक्सिंग शिकायला लागला. एका डोळ्याने लढती खेळू देत नाहीत, तर दुसऱ्यांना शिकवायला लागला. शेडवर झेलिमचं नाव घातलं. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? गेल्या पोळ्याला जेवता जेवता सहज बोलून गेला, "आई, तुले तेव्हा काम मोठं होतं, मी समजू शकतो." समजू शकतो म्हणे! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भूपेंद्र, बाळा, मला काम मोठं नव्हतं. मला कोणी सांगितलंच नाही.

कलम ६. झेलिम दोनदा किताब राखून तिसऱ्यांदा हरला. मग थांबायला हवं होतं तर थांबला नाही, मिळेल त्या शहरात, मिळेल त्याच्याशी लढत राहिला आणि डोक्यावर मार खात राहिला. मी असते तर हात धरून घरी बसवला असता, असं मनात येतं आणि मग मनाचाच राग येतो. आता तो ग्रोझनीत बहिणीकडे असतो. हात कापतात, बोलणं अडखळतं. दर ईदेला मला फोन करतो आणि एकच वाक्य बोलतो, "नाना, माफ करो." मी दर वेळी फोन ठेवला. एकदा म्हणाला, त्यांच्यात ज्याचा गुन्हा केला त्याने माफ केल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. मी म्हटलं, "नको होऊ." या वर्षी त्याने फोन केला नाही. भूपेंद्र त्याच्याशी बोलत असतो, तो सांगतो, "भाई आता एकच गोष्ट तीनदा विचारते, आई."

माझ्या मनात ती माफी तयार होऊन कितीतरी दिवस झाले. माझ्याच्याने द्यायचं झालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आडमुठेपणा होताच. पण दुसरंही एक होतं. ही माफी सामाईक मालमत्ता आहे. डोळा भूपेंद्रचा गेला, वॉर्डात एकटा तो राहिला. सामाईक शेत एकट्याच्या सहीने विकता येत नाही, हे आमच्याकडे लहान पोराला मालूम असतं.

म्हणून लिहिते, की या माफीतला माझा हिस्सा मी झेलिमखानला देते. भूपेंद्रचा हिस्सा भूपेंद्रचा. द्यायचा, ठेवायचा की टाकून द्यायचा, ते त्याने ठरवावं. कोणी त्याला समजावायला जाऊ नये, प्रणालीने तर मुळीच नाही. पट्टा उतरवायचा असेल तर उतरवावा, मला वाईट वाटणार नाही.

कलम ७. तेराव्याला लाडू-बुंदीचा तमाशा करू नये. भूपेंद्र दवाखान्यातून घरी यावा म्हणून जामसांवलीच्या हनुमानाला बोललेला नवस राहून गेला आहे, तेवढा फेडावा. हे सगळं अमलात आणायचं काम शेजारचे देवीदास गुरुजी करतील. ते हळू करतील पण बरोबर करतील.

हे लिहिलेलं मी वाचून पाहिलं आणि खरं असल्याचं मान्य करून खालील दोघांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही, तरी चहा दोनदा झाला.

सही: जयवंता मोतीराम खवसे
साक्षीदार: देवीदास गाखरे, निवृत्त शिक्षक, सौंसर
साक्षीदार: विजयमाला डोंगरे, अंगणवाडी सेविका, सौंसर
स्थळ: सौंसर. दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

पुरवणी

मृत्युपत्र मेल्यावर वाचायचं असतं, हे मला माहीत आहे. पण गुरुजी गेल्यावर कागद हातात घेऊन बसले आणि वाटलं, माझ्यामागे हा एकटा वाचणार आणि विचारायला समोर कोणी नसणार. नऊ वर्षांपूर्वीसारखंच. मी शेडमध्ये जाऊन भूपेंद्रला कागद दिला. पोरांना सुट्टी देऊन त्याने तिथेच पोत्याला टेकून वाचला.

कागदाची घडी करून म्हणाला, "म्हणजे तुले मालूमच नव्हतं?"

मी म्हटलं, "नाई रे."

"चार दिवस?"

"चार दिवस."

त्याने तोंड फिरवलं. या वेळी भिंतीकडे नाही, पट्ट्याकडे. मग खिशातून फोन काढून झेलिमला व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्या हातात दिला. "तुह्या हिस्सा तू सांग."

त्याच्या बहिणीने फोन धरला होता. झेलिम खुर्चीत होता, केस पांढरे झालेले. मला पाहून टेबल धरून उठायला लागला. मी म्हणून राहिले, बस, बस, तरी उभा राहिला. मी म्हटलं, "झेलिम, माफ किया. मैंने माफ किया."

तो हसला. म्हणाला, "किस लिए, नाना?"

त्याला काही आठवत नव्हतं. मी उशीर केला, मी फार उशीर केला. भूपेंद्रने माझ्या हातातून फोन घेतला. त्याचा चांगला डोळा भरला होता, पण आवाज साधा होता. म्हणाला, "कुछ नहीं भाई. आई पूछ रही है, खाना खाया क्या?"

झेलिम म्हणाला, "गालनाश."

सबब, मृत्युपत्राच्या कलम ६ मधला माझा हिस्सा मी जिवंतपणी देऊन मोकळी झाले आहे, तेवढा भाग रद्द समजावा. भूपेंद्रच्या हिश्श्याबद्दल मी त्याला काही विचारलं नाही. पट्टा जागेवर आहे. बाकी कलमं कायम.

पुन्हा सही करायला यावं लागलं म्हणून देवीदास गुरुजी कुरकुरले. त्यांना वरणफळं वाढली.

सही: जयवंता मोतीराम खवसे
साक्षीदार: देवीदास गाखरे
साक्षीदार: विजयमाला डोंगरे
स्थळ: सौंसर. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५