मामांचा जोराचा ठोका

सोमवार, संध्याकाळ

वैरागच्या मामांची हलगी रेकॉर्ड करून कीबोर्डवर बसवतोय. पट्टी हळू दाबली की हळू ठोका वाजावा, जोरात दाबली की जोराचा. हळू आणि मधला मिळाले, जोराचा मिळेना. मधल्याचाच आवाज वाढवावा का? वाढवून पाहिला, खोटा वाटला. मामांना ‘अजून जोरात’ म्हणवेना. हात थकलेत त्यांचे. शेवटी मामीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की! आता कुटला जोर तुमच्यात?”

मामांनी असा ठोका हाणला की खिडकीची काच थरथरली. मामी खुदकन हसली. ते हसू ठोक्याच्या शेवटाला चिकटलंय. काम उद्या द्यायचंय, म्हणून कापलं.

माझ्याकडच्या प्रतीत मात्र ठेवलंय. पट्टी जोरात दाबली, की मामी हसते.