बहात्तर पुडक्यांवरची गाठ

मी, हिगाशिदे शुहेई, वय ७४, कानाझावा येथे लग्न, जन्म व दुखवट्याची पाकिटं आणि निमंत्रणं बनवणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शांत नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगा काझुमा याला. त्यात वाद नाही.

२. दुकान, पाटी, कागदी दोऱ्यांचा साठा आणि माझे कुंचले त्याला नाहीत. कारण लिहितो. वसंतात माझी पत्नी इत्सुको वारली. दुखवट्याला पैसे देणाऱ्यांना पाठवायच्या परतभेटी काझुमानं मला न विचारता बाहेरून मागवल्या. बहात्तर पुडकी, प्रत्येकावर ओढली की सुटणारी फुलपाखरी गाठ. ती बाळ जन्मल्यावर बांधतात, असं पुन्हा पुन्हा घडो म्हणून. लग्नाला आणि मृत्यूला न सुटणारी, एकदाच घडो म्हणून. इत्सुकोनं बावन्न वर्षं गिऱ्हाइकांना हेच समजावलं. तिच्याच नावानं ही गाठ घरोघरी गेली.

माझी थोरली बहीण तोमिए हिचा लगेच फोन. "काय रे शुहेई, घरातलं आणखी कुणाला पाठवायचंय का?"

काझुमा म्हणाला, "बाबा, दोरी ती दोरी. लोक फाडून फेकतात. आत्याला काय, निमित्तच लागतं."

मी काही बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही, म्हणून इथे लिहावं लागतं.

३. कलम २ मधलं सर्व, आमच्याकडे अठरा वर्षं काम करणाऱ्या नात्सुमेला. जायची राहिलेली एकतीस पुडकी तिनं कुणी न सांगता सोडून पुन्हा बांधली. काझुमाला शिकायचं असल्यास तिच्या हाताखाली, दोरी बोटांनी नरम करण्यापासून.

४. तोमिएला काही नाही. इत्सुकोचा लोणच्याचा रांजण तिनं दुखवटा संपायचा एकोणपन्नासावा दिवस व्हायच्या आतच नेला आहे.

५. माझ्या वेळी काहीही बाहेरून मागवू नये. शंभर वेष्टनं न सुटणाऱ्या गाठीनं बांधून कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आहेत.

६. त्याच खणात एक जुनं लाल-पांढरं पाकीट आहे. इत्सुको कामाला लागली त्या आठवड्यात तिनं एका लग्नाच्या पाकिटाला फुलपाखरी गाठ मारली. माझे वडील ओरडले, "पोरी, नवरीला दुसरा नवराही बघून ठेवलायस का?" ती मोरीत जाऊन रडली. पाकीट मी कचऱ्यातून काढून ठेवलं. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं.

ते पाकीट माझ्या शवपेटीत ठेवावं. गाठ कुणी बदलू नये. ते पुन्हा घडलं तर माझी हरकत नाही.

वरील मजकूर आमच्यासमोर वाचून शिक्का उमटवला:
साक्षीदार: फुकुशी हारुओ, कागदाचे व्यापारी
साक्षीदार: माएजिमा कियोए, शेजारीण

हिगाशिदे शुहेई
कानाझावा, १२ नोव्हेंबर २०१९