सिद्धेशच्या मापाचं शिरस्त्राण

३ एप्रिल २००६, आखन, जर्मनी
पोचले. खोली लहान, पण उजेड भरपूर. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तांबं ठोकतात. शाळेत जाण्याआधी बाबांनी अक्षरंसुद्धा पत्र्यावर खिळ्याने गिरवून घेतली होती. प्राचीन ग्रीक शिरस्त्राणं नव्याने घडवायला इथल्या विद्यापीठातल्या प्राध्यापक फ्राऊ रायनर्सनी मला निवडलं ते त्यामुळेच. मदतीला सांगलीचा सिद्धेश आहे, इथेच मास्टर्स करतो. म्हणाला, पुण्याहून इतक्या लांब भांडी ठोकायला आलीस होय? मी म्हटलं, हो, पहिलं पातेलं तुझ्याच डोक्यावर पालथं घालते. खूप हसला.

१९ एप्रिल
आरंभीची शिरस्त्राणं तुकडे जोडून केलेली असत. सांध्यावर घाव बसला की उकलत. पुढे कारागिरांनी डोकं, गाल, नाकावरची पट्टी असं सगळं काशाच्या एकाच पत्र्यातून काढलं. पण त्यात कान झाकले गेले, हुकूम ऐकू येईनात; मग कानांपाशी पत्रा कापला. त्याने मजबुती किती घटली, ते आम्ही वजन पाडून मोजणार. बंद कानांचं शिरस्त्राण सिद्धेशच्या डोक्याच्या प्लास्टर साच्यावर, उघड्या कानांचं माझ्या. फ्राऊ रायनर्सना खरीच डोकी हवीत.

१९ जून
पहिली चाचणी. सिद्धेशचं शिरस्त्राण, दोन किलो, डाव्या भुवईवर. बटण त्यानेच दाबलं. वजन पडलं आणि तो मटकन खाली बसला. डावी भुवई फाटून रक्त वाहत होतं. यंत्राला जाळी आहे, काहीही उडालं नव्हतं. तो म्हणाला, उन्हाळ्यात घोळणा फुटतो ना, तसं. भुवई अशी फुटते?

२१ जून
सिद्धेशच्या शिरस्त्राणाला परवा भुवईपाशी पोचा पडला. तो तसाच ठेवणं मला जमत नाही, बाबांची सवय. आज दुपारी आतून ठोकून सपाट केला. अकरा ठोके.
तेवढ्यात सिद्धेशचा खोलीसोबती श्रीनाथ धावत आला. तो सिद्धेशबरोबर मेन्सात, विद्यापीठाच्या खानावळीत, जेवत होता. सिद्धेश डोकं धरून ओरडला, थांबला, पुन्हा ओरडला. भुवईवरचं हाड आतून वर येत होतं, कुणी हातोडी मारावी तसं. डोळा गालावर लोंबला. ताटात रक्त.
मी वेळ विचारली. बारा वाजून दहा.
तेव्हा मी ठोकत होते.

२२ जून
हाड आतून फुटलंय, डॉक्टरही चक्रावलेत. सिद्धेश बेशुद्ध.
फ्राऊ रायनर्सना सगळं सांगितलं. मायेने म्हणाल्या, हे बघ, तू फार दमली आहेस. चाचणी मात्र उद्याच. दोन किलो भुवईवर, पाच नाकावर, मग दहा माथ्यावर. बंद कानांचं आधी.
दहा किलो त्याच्या —

२३ जून, सकाळी नऊ
सिद्धेशचं शिरस्त्राण पळवून नेणार होते. कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी ते बाहेर काढलं तेव्हा मी खोटं बोलले. पत्र्याला भेग आहे म्हटलं, आकडे चुकतील. त्यांनी तपासलंसुद्धा नाही. तू कधी चुकीची नोंद करत नाहीस, म्हणाल्या, आणि ते परत ठेवलं.
मग माझं साच्यावर चढवलं.

साडेनऊ
शेजारच्या खोलीत बसलेय. थांबा म्हटलं तर कारण विचारतील, भेग शोधतील, सापडणार नाही. मग त्याचं घेतील.

पहिला — दोन किलो. भुवई उघडली. कागद ओला. पुसून लिहितेय.

पाच. नाकाचं हाड तोंडात आलं. दात — दोन, तीन. डावीकडचं काही दिसत नाही. ओरडले नाही, रुमाल चावला.

त्या वजन बदलताहेत

श्रीनाथ, सिद्धेश उठला तर त्याला — नको, त्याला काही सांगू नकोस. त्याचं कपाटातच राहू दे. वितळवू नका, कुणी हातोडी लावू नका, आणि फ्राऊ रायनर्सना म्हणावं, भेग खरंच आहे, मी नीट मोजली, ती कपाळापासून मागे —