अडकलेली नळी

लातूर, ९ मे १९८६

प्रिय भुजंग,

सप्रेम जयभीम. तुझं मार्चमधलं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. धरणाच्या कामामुळे रजा मिळत नाही असं तू लिहिलं होतंस. ते मी आबांना वाचून दाखवलं. कुठलं धरण, असं त्यांनी विचारलं. विष्णुपुरी म्हटलं. "तिथं पाणी हाय का?" हाय म्हटल्यावर बराच वेळ मान हलवत बसले.

इथे टँकर तिसऱ्या दिवशी येतो. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, कचेऱ्यांना नव्या पाट्या लागल्या, नळ कोरडे आहेत. आबांचा जिल्हा अजून उस्मानाबादच आहे. मधूनच ते टोपी घालून निघतात. साहेब जीपपाशी उभे आहेत म्हणतात.

तुला लिहिलं नव्हतं. होळीच्या आधी त्यांनी पेटता पाइप उशाशी ठेवला आणि वाकळ जळाली. मी कचेरीत होते. शेजारच्या साखराबाईंनी धूर पाहिला म्हणून निभावलं. आबांच्या हाताला थोडं भाजलं. दुसऱ्या दिवशी मी तो पाइप रिकाम्या डब्यांबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. पाटबंधारे खात्याच्या जीपवरची ड्रायव्हरकी सोडताना साहेबांनी त्यांना दिलेला, तोच. दोन दिवसांत विसरतील असं वाटलं. बाकी सगळं विसरतात. माझं नावही विसरतात.

तेव्हापासून शोध सुरू आहे. ज्वारीचे डबे उपसून झाले. एकदा रांजणात खांद्यापर्यंत हात घातला, आणि दोन दिवसांचं प्यायचं पाणी गेलं. घरात सापडत नाही म्हणून भर दुपारी बाहेर पडतात, अनवाणी. दोनदा गंजगोलाईच्या बाजारातून लोकांनी आणून सोडलं. दुसऱ्यांदा तळव्यांना फोड होते. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं ऊन पुन्हा लागलं तर माझ्याकडे आणून उपयोग नाही. मी कचेरीत असते तेव्हा साखराबाई बसतात. त्या म्हणतात, "बाई, तुमचं म्हातारं मला रोज नोकरीवरनं काढतंय, आन् सांजच्याला परत घेतंय." पण त्याही सत्तरीच्या आहेत. आबा दाराकडे निघाले की त्यांच्याने अडवणं होत नाही.

एप्रिलमध्ये मी आमच्या खात्याच्या बैठकीसाठी नांदेडला आले होते. हेही तुला ठाऊक नाही. बैठक लवकर संपली. विष्णुपुरीला तुझ्याकडे येता आलं असतं. आले असते तर तुझ्याशी भांडले असते, म्हणून जुन्या बाजारात गेले. तिथे कुलपांच्या ढिगात एक पाइप दिसला. आबांच्या पाइपासारखाच, तपकिरी, बुडाशी थोडा जळका. फक्त नळी लाकडात घट्ट बसलेली, आणि फुंकलं तर वारा जात नव्हता. कुणाची तरी वर्षानुवर्षांची थुंकी आणि कीट आत वाळून दगड झालं होतं. आबा पाइप ओढण्याआधी नळी काढून फुंकतात. ती निघाल्याशिवाय त्यांना तो आपला वाटला नसता.

मी तो पाण्यात घातला. टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी, पूर्ण एक दिवस. मग फडक्यात धरून पिळला. हाताची साल गेली, नळी हलली नाही. गल्लीतल्या माणिकप्पा सुताराकडे नेला. त्याने हातात घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. "बाई, कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की काय करतेत?" पाण्यात घालतात, मी म्हटलं. "मग? तुमी तर घट्ट करून आणलाव की." मला स्वतःची लाज वाटली. आईने खुरपं भिजत घातलेलं किती वेळा पाहिलं होतं. कचेरीत बसून हातांचं शहाणपण जातं.

त्याने सांगितलं तसं केलं. आठ दिवस सावलीत सुकवला. मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, रसवंतीवाल्याकडून आणलेल्या बर्फात अर्धा तास ठेवला. न ओढता फक्त फिरवला. नळी निघाली. खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने आतून साफ केला. कापूस पांढरा निघेपर्यंत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मला बरं वाटत होतं. एवढंच एक काम होतं जे केलं की होत होतं.

परवा सकाळी तो त्यांच्या हातात दिला. तंबाखू भरला नव्हता. त्यांनी नळी काढली, फुंकली, परत बसवली. तोंडात धरून डोळे मिटले. मी समोर बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईने उठले. पाइप धोतराच्या सोग्याने पुसला, माझ्यापुढे जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. "घ्या मालकीणबाई. भुईवर ठिवलंय. माझा हात लागायचा न्हाई."

तू तेव्हा तान्हा होतास, तुला हे पाहिल्याचं आठवणार नाही. मला आठवतं. छप्पन सालाआधी आबा गावात वस्तू अशीच द्यायचे. दीक्षा घेऊन आले त्या दिवसापासून त्यांनी कुणापुढे काही जमिनीवर ठेवलं नाही. दुकानदाराने हात मागे घेतला तर ते हात पुढे धरून उभे राहायचे, त्याने घेईपर्यंत. तीस वर्षं. आणि आता मी, त्यांची मुलगी, त्यांच्यापुढे बसले होते आणि ते भिंतीला टेकून मी तो उचलायची वाट पाहत होते. मी सांगितलं, आबा, मी भामा. त्यांनी हात जोडले. शेवटी मी उचलला. उचलला नसता तर ते बसले नसते.

दुपारी पुन्हा शोध सुरू झाला.

या पुडक्यात तो पाइप आहे. भंगाराचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. पाइप नादुरुस्त झाला, भुजंगने दुरुस्तीला नांदेडला नेलाय, असं सांगत आले. बाकी काही टिकत नाही, एवढं टिकलं. उन्हात निघतात ते तुला गाठायला. मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन थांबतात, हे मला काल साखराबाईंकडून कळलं. म्हणून हे पत्र. तू ये, आणि हा पाइप स्वतःच्या हाताने त्यांच्या हातात दे. कदाचित तुझ्याकडून घेतील. घेतलाच तर घरात बसतील. न घेतला तर काय करायचं, ते मला माहीत नाही. त्यांना कोंडून कचेरीत जायला मी कुलूप आणलं आहे. अजून लावलेलं नाही.

तुझीच,
भामाक्का