नऊ नंबरचं वाक्य

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिलं म्हणून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला की दाजी उचलतात, आणि दाजींनी उचलला की माझी वाचा बसते. शिवाय सोबतचे कागद फोनवर कसे वाचून दाखवणार?

झालंय असं. निवृत्तीनंतर घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी इथल्या कॉलेजात अग्निशमनाच्या पदविकेला शिकवायला लागलो. चौतीस वर्षं आगीच विझवल्या, त्यामुळे शिकवणं म्हणजे डाव्या हातचा मळ असं वाटलं होतं. वर्ग सुरू होऊन महिना झाला आणि आता समन्वयक बाई म्हणतात, अभ्यासक्रमाच्या अध्ययन निष्पत्ती लिहून द्या. बारा पाहिजेत, महिनाअखेरपर्यंत. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाल्या, कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल ते. मी म्हटलं, आग विझवता येईल. बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत बसल्या.

तीन दिवस खपून बारा वाक्यं लिहिली. बाराच्या बारा लाल होऊन परत आली. ‘विद्यार्थ्याला आगीचे प्रकार समजतील’ असं लिहिलं, तर ‘समजतील’ चालत नाही. समजणं दिसत नाही म्हणे, मग मोजणार कसं? ‘विद्यार्थी घाबरणार नाही’ लिहिलं, तर नकारार्थी वाक्य चालत नाही. मग ‘विद्यार्थी धीट होईल’ लिहिलं. तेही नाही. आता ‘विद्यार्थी घाबरेल’ असंच लिहितो, ते निदान दिसतं तरी! डोक्याचा पार भुगा झालाय, ताई. महिनाभर मी पोरांना जे शिकवलं ते नक्की काय होतं, याचीच मला आता शंका यायला लागली आहे.

तुमच्या शाळेत हे खूळ आधीच येऊन गेलं होतं ना? कागद सोबत आहेत. लाल पेन घे आणि भावाची अब्रू वाचव.

दाजींचा खोकला कसा आहे? एकदा येऊन जाईन म्हणतो, पण सध्या कॉलेज सोडवत नाही. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या कागदांमुळे आटू नये एवढीच विनंती.

तुझा,
बंब्या


९ जून

चि. बंब्यास,
अ. उ. आ.

साठी जवळ आली तरी तुला चिरंजीवच लिहिते, कारण वाक्यं तशीच लिहिली आहेस. अरे, निम्म्या वाक्यांत तू स्वतःबद्दल लिहिलंयस. मी हे सांगेन, मी ते दाखवेन. तू काय करणार ते कुणी विचारलंय? पहिलीतल्या पोराला बेरीज समजते, असं आम्ही लिहीत नव्हतो. पोर चार मणी आणि तीन मणी एकत्र करून सात मोजून देतं, असं लिहायचो. डोळ्यांपुढे पोर उभं कर. ते हाताने काय करताना तुला दिसेल? तेवढंच लिही. धीटपणा, समज, जाणीव हे सगळं काढून टाक. मी काढलंच आहे, कागद बघ.

कागद मी यांना वाचून दाखवले. किती दिवसांनी हे असे सरसावून बसले! शिडीच्या वाक्यात शिडीचा पाय धरणारा माणूसच विसरलास म्हणाले. होजच्या वाक्यात पाणी सोडायची खूण नाही म्हणाले. खोकला आहे तसाच आहे. जिना चढताना मध्ये एकदा थांबतात, हल्ली दोनदा.

आता माझं ऐक. कॉलेज सोडवत नाही म्हणतोस. त्याआधी स्टेशन सोडवत नव्हतं, त्याच्याही आधी गुडघा दुखत होता. त्या गोदामाच्या आगीला एकोणीस वर्षं झाली. तुम्ही दोघं एकाच गाडीवर होतात, एकत्र आत गेलात. चौकशीत निघालं की सगळ्यांना बाहेर बोलावलेलं असताना हे हुकूम मोडून परत आत शिरले. यांच्या छातीत धूर गेला, नोकरी गेली. आणि त्या दिवसापासून तू आमचा उंबरा ओलांडला नाहीस. यांनी शिस्त मोडली याचा तुला इतका राग आहे का? लहानपणी बंबाची घंटा ऐकली की ताट टाकून पळायचास, म्हणून तुला बंब्या म्हणायला लागलो. आता बहिणीच्या घराकडे पाय वळत नाहीत, हे कोडं मला सुटत नाही.

उत्तर लिही. निष्पत्तींचं नाही, याचं. मायेत कमतरता नाही, फक्त धीर संपत आलाय.

तुझी,
ताई


१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू धन्य आहेस! अकरा वाक्यं पास झाली. ‘विद्यार्थी अग्निशामक सिलिंडरची पिन काढून आगीच्या बुडाशी नेम धरेल.’ ‘विद्यार्थी डोळ्यांवर पट्टी बांधून होजच्या आधाराने बाहेरची वाट शोधेल.’ बाई म्हणाल्या, तुम्हाला अचानक सूर कसा सापडला? मी म्हटलं, घरात जुनी मास्तरीण आहे. दाजींचा शिडीचा पायसुद्धा घातला. वाचताना मलाच वाटलं, अरे, हे तर आपल्याला येतं!

अडलंय फक्त नऊ नंबर. ते वाक्य तुझ्या कागदांत नव्हतं, नंतर सुचलं. धुरात शिरताना प्रत्येकाने आपल्या नावाचा बिल्ला दाराजवळच्या फळ्यावर अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा, अशी पद्धत असते. फळ्यावर बिल्ला असला तर माणूस आत, नसला तर बाहेर. म्हणून मी लिहिलं, ‘विद्यार्थी बाहेर आल्यावर स्वतःचा बिल्ला स्वतःच्या हाताने काढेल, आणि फक्त स्वतःचाच.’ बाई म्हणतात, ही फार बारीक गोष्ट आहे, चार नंबरच्या सुरक्षा नियमांत घालून टाकू. मी सांगितलं, नऊ गेलं तर मीही जातो. बाई बघतच राहिल्या. खरं सांगू, मीही माझ्याकडे बघतच राहिलो. एवढ्याशा वाक्यासाठी मी असा का तापलो ते तिथे उभ्या उभ्या मला सांगता येईना.

रागाचं विचारलंस. दाजींवर मला कसला राग? तो विषय नको, ताई. दाजींना सोबतची बारा वाक्यं वाचून दाखव. रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
बंब्या


२२ जून

चि. बंब्यास,
अ. उ. आ.

तुम्ही दोघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय का?

सांगितल्याप्रमाणे वाक्यं वाचून दाखवली. आठापर्यंत माना डोलावल्या, एक-दोनदा वा म्हणाले. नववं वाचलं तर म्हणाले, परत वाच. परत वाचलं. उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी जेवायला हाका मारून थकले. ताट निवून गेलं, ते झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता एवढंच म्हणाले, त्याला लिही, ते वाक्य सोडू नकोस म्हणावं. मी विचारलं, का? तर म्हणाले, तुझ्या भावाला विचार. भावाला विचारावं तर भाऊ म्हणतो विषय नको!

पस्तीस वर्षं मी वर्गात कोण खोटं बोलतंय ते पाठीमागूनसुद्धा ओळखलं. इथे कोण काय लपवतंय आणि कुणापासून, हेच मला कळेनासं झालंय. मला ना तुमचा फळा माहीत, ना तुमचे बिल्ले. मला एवढंच माहीत आहे की माझा नवरा एका वाक्याने उपाशी राहिला आणि ते वाक्य माझ्या भावाने लिहिलं होतं.

गोल गोल लिहू नकोस. मला दिसेल असं लिही. वाट पाहते.

तुझी,
ताई


१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाच वेळा हे पत्र फाडलं. हे सहावं.

परवा धुराच्या खोलीची कवायत होती. नुसता यंत्राचा धूर, त्याने काही होत नाही. बाई मुद्दाम बघायला आल्या होत्या, हातात स्टॉपवॉच. तेरा पोरं आत गेली, फळ्यावर तेरा बिल्ले. एकेक जण बाहेर येत होता, बिल्ला काढत होता. फळा रिकामा झाला, बाईंनी घड्याळ दाबलं, सगळे बाहेर असं लिहूनही टाकलं. मी सवयीने डोकी मोजली. बारा. परत मोजली. बाराच! एक मुलगा आत हातमोजा शोधत बसला होता. त्याच्या मैत्रिणीने बाहेर येताना स्वतःच्या बिल्ल्याबरोबर त्याचाही काढून घेतला होता. ती म्हणाली, सर, तो मागेच होता, म्हटलं त्याचं काम वाचवू.

मुलगा हसत हसत बाहेर आला. मी मात्र कवायत तिथेच बंद केली, ताई.

कारण एकोणीस वर्षांपूर्वी ते मी केलं. गोदामाच्या दारातून बाहेर आलो, दाजी माझ्या मागेच आहेत असं धरून चाललो, आणि माझ्याबरोबर त्यांचाही बिल्ला काढून खिशात टाकला. फळा रिकामा बघून आमच्या साहेबांनी सगळे बाहेर आलेत असं धरलं. दाजी परत आत गेले होते. अकरा मिनिटं कुणीही त्यांना शोधलं नाही, ताई. बिल्ला तिथे असता तर दोन मिनिटांत माणसं आत गेली असती. दोन मिनिटांच्या धुराने माणसाची छाती अशी जात नाही.

चौकशीत मला बिल्ल्याचं कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सगळं दाजींच्या नावावर गेलं आणि मी गप्प उभा राहिलो. माझा राग नव्हता गं, मला तोंड नव्हतं. तो बिल्ला अजून माझ्या पेटीत आहे. दरवर्षी आणून द्यायचं ठरवतो आणि दरवर्षी माझा गुडघा दुखतो.

बाईंनी नऊ नंबर पास केला. काही न विचारता सही केली.

आता लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तू ठरव.

बंब्या


८ जुलै

चि. बंब्यास,
अ. उ. आ.

हो, चिरंजीवच लिहिलंय. पण आधी रागच आला. पत्र ओट्याशी उभ्याने वाचलं आणि तुझा इतका राग आला की दूध उतू गेलं तरी हात पुढे झाला नाही. अकरा मिनिटांचा आला, त्याहून जास्त एकोणीस वर्षांचा आला. गाढवा, मला सांगायचं होतंस! मी मारलं असतं, रडले असते, आणि मग जेवायला वाढलं असतं.

मग पत्र यांच्या हातात दिलं. यांनी वाचलं आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाठ चोळावी लागली. मग सगळं सांगायला लागले. म्हणाले, दारापाशी आल्यावर आतून ठोकल्याचा आवाज आला. कुणीतरी राहिलंय असं वाटलं. बिल्ला फळ्यावर राहिला असता तर साहेबांनी लगेच माणसं पाठवून मला बाहेर ओढून काढलं असतं. म्हणून मीच बंब्याचा खांदा थोपटला आणि फळ्याकडे दोन बोटं दाखवली. दोन्ही काढ, म्हणून. त्याने काढले. आत कुणी नव्हतं, सुटलेला पत्रा वाजत होता. यांना वाटायचं, आपण मेहुण्याला फसवून त्याच्या हातून हे करवलं, त्याला ते कळलंय, म्हणून तो येत नाही.

तुला ती दोन बोटं आठवतात का रे? तू तर लिहिलंयस की तू आपल्या मनाने काढलास. आणि यांनी एकोणीस वर्षांत मला बोटांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. मग हे खरं आहे, की तुला मोकळं करायला माझ्यासमोर बसल्या बसल्या रचलं? खोदून विचारलं तर खोकतात. मोठा सोयीचा खोकला आहे! मला काही उमगत नाही, आणि आता उमगून घ्यायचंही नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या, फक्त माझ्या डोळ्यांसमोर बघा.

हे स्वतः दोन ओळी लिहितो म्हणून पेन मागतायत. सकाळपासून हातोडी घेऊन दाराशी काहीतरी ठोकत होते. विचारलं तर वाच म्हणाले. माया होती तिथेच आहे.

तुझी,
ताई

बंब्या, ‘समजेल’ हा शब्द वापरलेला नाही, बाईंना सांग.

निष्पत्ती क्र. १३ : मेहुणा येत्या रविवारी स्वतःच्या पायांनी आमच्या घरी येईल. दाराच्या आत डाव्या हाताला नवा खिळा आहे, त्याला माझा बिल्ला अडकवेल. तो मी माझ्या हाताने काढून घेईन.

मोजायला मी दारात उभा आहे.