नुसता लागलेला दिवा

आप्पा, गाडीतला पिवळा दिवा लागला आहे. इंजिनाच्या चित्राचा. तुम्ही असताना आपल्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे हे वाक्य तुम्हाला सांगायची वेळ कधी आली नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी एक जुनी गाडी घेतली. संत तुकाराम नगरहून चाकणच्या पुढे कॉलेजात शिकवायला जाते, त्यासाठी. मोशीच्या अलीकडे एका कंटेनरच्या मागे अडकले होते, तेव्हा तो लागला. गाडीचा आवाज बदलला नाही. वास आला नाही. मी थोडा वेळ दिव्याकडे पाहिलं, तुमचा नियम आठवला, आणि पुढे गेले. त्या दिवशी सगळे तास घेतले. संध्याकाळी घरी आले तेव्हाही तो तसाच होता.

हा दिवा मी पहिल्यांदा तुमच्या कंपनीत पाहिला. खंडेनवमीला तुम्ही आम्हाला आत नेलं होतं. वर्षातून तेवढा एकच दिवस घरच्यांना आत सोडायचे. मशीनना झेंडूच्या माळा, जमिनीवर रांगोळी, आणि एरवी कानठळ्या बसवणारी ती शेड इतकी शांत की आईच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तुमची जागा लाइनच्या अगदी शेवटी. तयार झालेल्या प्रत्येक गाडीत तुम्ही बसायचे, किल्ली फिरवायचे, सगळे दिवे लागले का पाहायचे, इंजिन चालू करून ते विझले का पाहायचे आणि उतरायचे. दिवसभर हेच. तुम्ही मला एका पांढऱ्या गाडीत मांडीवर घेऊन बसता आणि किल्ली फिरवता. समोर लाल-पिवळे दिवे एकदम लागतात. त्यातलं इंजिनाचं चित्र मला नळाच्या तोटीसारखं दिसतं. मी हसून त्यावर तळहात ठेवते. "हात काढ," तुम्ही म्हणता. मी काढत नाही. "हात काढ म्हणतो ना! दिसला पाहिजे तो." तुमचा आवाज शेडमध्ये घुमतो. शेजारी पेढे वाटत असलेले तुमच्या लाइनवरचे एक काका म्हणतात, "असू द्या हो आप्पा, सणाचं लेकराला काय बोलताय." तुम्ही म्हणता, "सण तुम्हाला आणि मला. दिव्याला कुठला सण?" काका हसले. मी रडले नाही, पण पेढा खाल्ला नाही.

नियम त्यानंतर आला. काळेवाडीच्या खोलीत. आई पिठलं ढवळत होती आणि तुम्ही भिंतीला टेकून जेवायची वाट पाहत होता. मामाचा फोन आला. त्याने नुकतीच जुनी गाडी घेतली होती आणि ती राजगुरुनगरच्या वाटेवर उभी करून तो घाबरून बोलत होता. तुम्ही फोन कानापासून जरा लांब धरायचे, त्यामुळे दोन्ही बाजू आम्हाला ऐकू यायच्या.

"दाजी, पिवळा दिवा लागलाय!"

"पाव्हणं, वरडू नका. नुसता लागलाय का लुकलुकतोय?"

"नुसता."

"मग घरी जावा. सावकाश जावा. जेवा, झोपा. सकाळी दाखवा कुणाला तरी."

"आन लुकलुकला असता तर?"

"तर हाय तिथं थांबायचं. वीतभरसुद्धा पुढं न्यायची न्हाई."

"इथं रानात? थांबून काय भात शिजवू का काय?"

आई इतकी हसली की पिठल्यात गुठळ्या झाल्या. तुम्हीही हसलात. तुम्हाला असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्यानंतर तो नियम घरात राहायला आला. तो आईने आणला, तुम्ही नाही. पत्रा गळायला लागला की ती खालची बादली पाहून म्हणायची, "नुसतं हाय, लुकलुकत न्हाई." म्हणजे या पावसाळ्यात निभेल. शेजारच्या घरात नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की ती भिंतीला कान लावायची आणि तुम्हाला खुणावायची, आज लुकलुकतंय, जाऊन या. तुम्ही सदरा चढवून जायचे. माझा ताप, गॅसची नळी, मामाची नोकरी, सगळं त्या दोन शब्दांत बसायला लागलं. चेष्टेत सुरू झालेलं चेष्टेतच राहिलं असं मी समजत होते. वापरता वापरता त्यातलं एक वाक्य गळून पडलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. "सकाळी दाखवा." ते कुणी म्हणायचंच नाही.

मग तुम्ही गेलात. पहिल्या शिफ्टहून परतताना, कंपनीच्या बसमध्ये, खिडकीशी बसून. शेजारच्या माणसाला वाटलं तुम्ही झोपलात. काळेवाडी फाट्यावर त्याने तुम्हाला हलवलं. सकाळी डबा घेऊन धड निघालेला माणूस. तेराव्याला आलेल्या बायकांना आई तेच सांगत होती, एकदम झालं, एकदम. मला आता वाटतं, त्या दिवसांत तिच्या मनात काहीतरी कायमचं ठरून गेलं. माणूस नेतं ते एकदम येतं. जे रोज असतं ते नेत नाही.

मी संत तुकाराम नगरला राहायला आले, पण काळेवाडी सोडायला ती तयार नव्हती. मी फोन करायचे. "कशी आहेस?" "नुसतं हाय." मी हसायचे, तीही हसायची, आणि आम्ही भाजीकडे, पाण्याकडे वळायचो. यंदा तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले ते ती वाळत चाललेली डोळ्यांना दिसायला लागली म्हणून. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांहून थोडे मोठे. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, "आजी, हे इथे बरगडीखाली कधीपासून दुखतंय?"

"झालं की बरंच. मागल्या दिवाळीच्या आधीपासनं."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"सारखंच दुखत व्हतं ना."

"सारखं दुखत होतं, तर यायला नको?"

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. एवढं शिकलेल्या माणसाला इतकी साधी गोष्ट कशी कळत नाही, अशी. "थांबून थांबून न्हवतं," ती हळूच म्हणाली. "सारखंच व्हतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्टकडे पाहिलं. त्यांना जे कळलं नाही ते मला कळलं होतं, आणि ते त्यांना समजावून सांगता येण्यासारखं नव्हतं.

खाली पार्किंगमध्ये मी किल्ली हातात घेऊन नुसती बसून राहिले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "ह्यांचं चुकलं का गं?"

"नाही. आप्पा गाडीचं बोलत होते, आई."

"व्हय. गाडीचंच व्हतं." तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. "पर घरात सगळ्यालाच चालायचं की."

मला तुमचा राग आला, आप्पा. त्याला अर्थ नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही राजगुरुनगरच्या वाटेवर उभ्या असलेल्या एका गाडीबद्दल बोलत होता आणि जे बोललात ते बरोबर होतं. तरी आला. तुमचे शब्द घरात किती जड पडायचे हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं, असं वाटलं. तुम्ही फार थोडं बोलायचे. थोडं बोलणाऱ्या माणसाचं प्रत्येक वाक्य मागची माणसं जपून ठेवतात, आणि नको तिथे वापरतात. एक वाक्य तुम्ही तिच्यासाठी वेगळं ठेवायला हवं होतं. माणसाला सारखं दुखत असेल तर, असं काहीतरी. ते तुम्ही ठेवलं नाहीत. मीही ठेवलं नाही, आणि माझा तर शब्दांचाच धंदा.

आता आई माझ्याकडे असते. उपचार पुण्यात आहेत. ठरलेल्या दिवशी तिला सकाळी नेते, दुपारी आणते. येताना तिला उलट्या होतात, म्हणून रिक्षा नको. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून ती माझ्या शेजारी बसते. गाडी मी भोसरीच्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने मशीन जोडून पाहिलं. "मॅडम, मिसफायर दाखवतंय. एक सिलिंडर मधेच काम सोडतोय. गाडी ठेवून जावा, खोलून बघतो." मी म्हटलं, आत्ता ठेवता येणार नाही. "मग दिवा घालवून देऊ का? चार दिवसांनी परत लागंल, पण तोवर डोक्याला ताप न्हाई." मी नको म्हटलं. का, ते त्याला सांगितलं नाही. दिसला पाहिजे तो.

गाडीत बसलं की आई आधी वाकून पाहते. "नुसताच हाय ना?" मी म्हणते, नुसताच आहे. मग ती सीटला टेकते. एवढं विचारायला तिला अजून बळ आहे, म्हणून मला तो प्रश्न आवडायला लागला आहे.

हे तुम्हाला पोचणार नाही. पोचणार असतं तर पुढचं लिहिलं नसतं. काल आम्ही परत येत होतो. आईचा दिवस वाईट गेला होता, सुई लागायला वेळ लागला होता, आणि तिला लवकरात लवकर गादीवर टेकवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. दापोडीच्या पुलाच्या चढावर गाडीने हिसका दिला. मग आणखी एक. गाडी थरथरायला लागली आणि दिवा लुकलुकायला लागला. मागून बस हॉर्न देत होती. पुलाच्या कडेला थांबता आलं असतं. जागा होती. आईने डोळे उघडले आणि वाकून पाहायला लागली, तेवढ्यात माझा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि त्या दिव्यापुढे गेला.

"गाडी हलती का गं?"

"रस्ता खराब आहे."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर.

"व्हय," ती म्हणाली. "लईच खराब हाय."

रस्ता चांगला होता, आप्पा. मी थांबले नाही.