काही चुकलं नाही म्हणे

माय, तू गेल्यावर मी पुष्कळ कामं धरली नि सोडली. नरडाण्याच्या कारखान्यात टिकलो नाही, सोनगीरच्या ढाब्यावरही नाही. आता पुण्यात एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो. तिथल्या मॅडम मूळपेशींपासून एक गोळा वाढवतात, पोटातल्या बाळाच्या अगदी पहिल्या दिवसांसारखा. खरं बाळ नव्हे, होणारही नाही, नुसती नक्कल. जीव रुजतो तेव्हा आत डोकावता येत नाही, म्हणून हे बाहेर. एकदा त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. मला भिजलेला साबुदाणा आठवला, मग तुझी खिचडी, मग ती कढई. कोणी नेली कोण जाणे. असो.

अक्काचं यावलला दोनदा, दिवस राहिले न राहिले तोच, गेलं. सासू म्हणते, केळीचे घड उचलले म्हणून. आता पुन्हा दिवस गेलेत. तिचा फोन आला, “भाऊ, तू तठे शे ना, त्या बाईले ईचार ना, मन्हं काय चुकनं?” मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “तिचं काही चुकलं नाही, सांग तिला. पुष्कळ गर्भ या पहिल्या दिवसांतच थांबतात. पुष्कळदा दोष गर्भातच असतो, पण तिचं का थांबलं ते मला नाही सांगता येणार. आमचे गोळेही थांबतात रे.” मी फोनवर तसंच सांगितलं, वाटलं, अक्काला हायसं वाटेल. ती उसळलीच. “काही चुकनं नही, मंग आते मी काय सुधारू?” मग हळूच, “माय ऱ्हाती ते काहीतरी कराले लावती.”

खरंच लावलं असतंस. अक्कानंतरची दोन बाळं गेली, मी तरी जगावा म्हणून तू मला सुपात घालून शेजारणीला दिलंस आणि पसाभर ज्वारी देऊन परत घेतलंस. मी भांडायला लागलो की म्हणायचीस, “ईकेल पोऱ्या शे तू, जास्त बोलू नको.” आपण सगळे हसायचो. ते सूप तू कसं पुढं केलं असशील, ते आत्ता कळतंय. पण हाताला काम तरी होतं तुझ्या.

अक्कानं बोलावलंय. “काही सांगू नको, नुसता जोडे बस,” म्हणाली. मी धुळ्याच्या स्टँडवर आहे, यावलच्या दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या. हा कागद तुला कुठं टाकणार, खिशातच राहील. कुणाजवळ नुसतं बसायचं कसं, तेच मला येत नाही.